बर्फाला बसायला जागा

"बर्फाला बसायला जागा लागती, मास्तर!" असं मला म्हणत सायन्सचे मास्तर स्वतः माझ्या खाटेवर ऐसपैस मांडी घालत. परभणीच्या शाळेत ते सायन्स शिकवत, मी मराठी. निजामाचं राज्य, म्हणून वर्गात त्यांचं सायन्स उर्दूत चाले. आनंद मात्र मराठीत उतू जाई.

त्यांचं वेड एकच. अगदी बारीक छिद्रात अडकलेलं पाणी कडाक्याच्या गारठ्यातही गोठत नाही! "गोठायचं म्हंजे पाण्याला रांगेत बसावं लागतंय. दाटीत रांग धरावी कशी?" तुम्ही मान डोलवेपर्यंत सुटका नसे.

त्यांची भाड्याची खोली माझ्या शेजारी. झोपले की पाय उंबऱ्याबाहेर. तिशी उलटली तरी लग्न जमेना, कारण घर बघायला आलेले दारातूनच परत फिरत. अशात बोरी गावचं स्थळ आलं. मुलगी पाहून आले ते तरंगतच. तिचे वडील आणि आत्या घर बघायला येणार म्हणून सरबतासाठी त्यांनी स्टेशनवरून भुशातला बर्फ आणवला.

आत्याबाई आत येताच म्हणाल्या, "खोली हाय का कोनाडा?" वडील उपरणं झटकून उठू लागले.

मास्तर घाबरले, आणि घाबरले की ते शिकवत. सगळा बर्फ त्यांनी मीठ घालून पातेल्यात ओतला. त्यात लाल शाईच्या पाण्याच्या दोन काचेच्या नळ्या खोचल्या: एक जाड, एक केसाएवढ्या भोकाची, दोन्ही टोकं वर वळवलेली. सरबत कोमटच राहिलं. मी कपाळाला हात लावला. थोड्या वेळाने जाड नळी तडकली; आत लाल बर्फ.

"आता बारकीत फुंका, आत्याबाई! दाटीत पाणी गोठत न्हाई!"

त्यांनी गाल फुगवून फुंकलं. पलीकडच्या टोकावर लाल टिकली उगवली.

"अगं बया! आरं, कुंकू निघालं की!"

"आक्का, शाई हाय ती," वडील म्हणाले.

"तू गप ऱ्हा. दे पोरगी. हितं गोठायची न्हाई ती!"

मास्तरांनी उडी मारली. खोलीत जागा कुठली? ती उडी माझ्या पायावर पडली.

लग्नानंतर भिंतीपलीकडून त्या दोघांचं हसणं आलं की मीही इकडे एकटाच हसे. निजामाचं राज्य गेलं, त्यांची बदली झाली. मधली भिंत पाडून मालकाने दोन्ही खोल्या मलाच दिल्या. आता लय जागा आहे. मास्तरांची फार आठवण येते. थंडी पडली की मी खाट ओढतो आणि त्यांच्या कोपऱ्यात, अगदी दाटीत लावतो.