नासीरच्या दोन डिस्क

धुळ्यात आग्रा रोडवर नासीरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आणि माझा टायपिंग क्लास, मध्ये एकच भिंत. नासीरइतका हळवा मेकॅनिक मी पाहिला नाही. गिऱ्हाईक रडवेलं झालं की हाही रडवेला! धंदा असा होतो का? मी त्याला कितीदा तरी झापलं.

अठ्ठ्याण्णव साली निवृत्त मास्तर अभिमन नानांनी त्याच्याकडून कॉम्प्युटर घेतला, तो बायकोचा आवाज साठवून ठेवायला. वच्छलाअक्कांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कापूस वेचताना स्वतः जुळवलेली शंभरावर अहिराणी गाणी त्यांना तोंडपाठ. "टेप गुंतते, नाना," म्हणत नासीरनेच लिनक्स आणि रेड त्यांच्या गळी उतरवलं. रेड म्हणजे दोन डिस्क, एकीवर जे, तेच दुसरीवर.

दिवाळीपर्यंत निम्मी गाणी रेकॉर्ड झाली. तेव्हा जास्तीची काळजी म्हणून एक डिस्क काढून नासीरने स्वतःच्या घरी ठेवली. ठेवली कसली! त्याची आई जरीना पिंपळनेरची, अहिराणीतच वाढलेली. तिला ऐकवायला तो रोज घरच्या कॉम्प्युटरवर ती चालू करी. इकडे नानांच्या डिस्कवर अक्कांनी उरलेली गाणी म्हटली आणि जानेवारीत अर्धांगाने त्यांची वाचा गेली. त्यानंतर नानांनी मशीनला हात लावला नाही.

मार्चमध्ये ते मशीन रिक्षात घालून आले, सोबत अक्का. नवी गाणी दोन्ही डिस्कवर उतरवायची होती. नासीरने दोन्ही डिस्क जोडल्या. हे मशीन सुरू होतानाच जोडी स्वतः शोधतं आणि जास्त वेळा चाललेल्या डिस्कला ताजी मानतं. तसं करू नकोस, हे सांगणारी एक ओळ सुरुवातीलाच टाइप करावी लागते. त्यासाठी पाच सेकंद मिळतात. नासीरला हे पक्कं ठाऊक होतं. पण त्याने बटण दाबलं आणि अक्का पायरीवर अडखळल्या. तो धावला, त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ओळ राहिली.

मशीनने घरची डिस्क घेतली, नानांची बाजूला टाकली. पडद्यावर एवढंच दिसलं की एक आत आहे, एक बाहेर. बाहेरची ती आपल्या घरची जुनीच, असं धरून नासीरने अक्कांकडे बघून भरलेले डोळे पुसत ती डिस्क आत घेतली. आत घेणं म्हणजे तिच्यावर दुसरीची नक्कल उतरणं. आमचा चहा होईपर्यंत ती उतरली.

नानांनी शेवटचं गाणं लावायला सांगितलं. यादी दिवाळीपाशीच संपत होती.

"पुढला गाना कथा शेतस रे, नासीर?" नाना पुढची गाणी कुठं आहेत ते विचारू लागले.

"नाना, मनी चूक शे. नया बठ्ठा गाना गयात," चूक कबूल करून, नवी गाणी सगळी गेली हे सांगून नासीर हमसून रडला. मला त्याची भयंकर चीड आली, मग स्वतःचीच लाज वाटली.

नाना रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडून कागद-पेन्सिल मागून घेतली आणि अक्कांजवळ स्टूल ओढलं. "सांग, एक तरी ओळ सांग." अक्कांचे ओठ हलत होते. नाना कान लावून बसले. दुपारी मी क्लास बंद केला, तोवर कागदावर एक अक्षर उमटलं नव्हतं.