फुंकर

दवाखान्यात तिला सगळे मावशीच म्हणत. मोठे डॉक्टर मात्र चेष्टेने ‘फुंकर’ म्हणायचे. दात भरण्याआधी आत बाँड लावतात, फिलिंग धरून ठेवणारा चिकट द्रव. डॉक्टरांनी तो ब्रशने चोळला की मावशी हवेची नळी पुढे करायची. “थर पातळ हवा, फुंकर. जाड राहिला तर वरून कडक, आतून कच्चा. फिलिंग त्याच्यासकट हातात येतं.” द्रव हलायचा थांबेपर्यंत हवा, मग तो कडक करणारा निळा दिवा. बावीस वर्षं हेच. झोपेतही तिचं चुकलं नसतं.

मोठे डॉक्टर गेले आणि त्यांचा मुलगा खुर्चीपाशी आला. त्याचं सगळं काम घोड्यावर बसून. बाँड थापायचा आणि लगेच दिवा लावायचा.

“हवा मारायची राहिली, डॉक्टर,” एकदा पेशंटसमोरच ती बोलून गेली.

“जास्त लावलं की जास्त चिकटतं, मावशी. आणि इथे डॉक्टर कोण आहे?”

तिने नळी परत जागेवर अडकवली. नवरा अंथरुणाला खिळलेला. नोकरी गेली असती तर घर उघड्यावर पडलं असतं.

दोन महिन्यांत माणसं निघालेलं फिलिंग कागदाच्या पुडीत बांधून परत येऊ लागली. त्यांना काय सांगायचं ते डॉक्टरांनी पढवून ठेवलं होतं. “तुम्ही काहीतरी कडक चावलं असेल,” मावशी सांगायची. एक म्हातारे मास्तर कळवळून म्हणाले, “अहो, दुधात बुडवल्याशिवाय मी काही खात नाही!” तिने मान फिरवली. स्वतःचीच किळस आली तिला.

मग तिचीच दाढ किडली. “बसा, तुम्ही तर घरच्याच,” डॉक्टर म्हणाले. ब्रश फिरला. नळी जागच्या जागी लटकत राहिली. मावशी ओरडायला गेली, पण तोंडात कापूस कोंबलेला, नुसतं “आ... आ...” निघालं.

“दुखतंय? जरा सोसा.” दिवा लागला.

तीन आठवड्यांनी तिने आपली पुडी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही.

“काहीतरी कडक चावलं असेल तुम्ही.”

मावशीने पुडी उचलली. बाहेर बाकावर मास्तर दुसऱ्यांदा आपली पुडी घेऊन बसले होते. ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली. डॉक्टरांच्या खोलीचं दार तिने मुद्दाम उघडंच ठेवलं होतं.

“मास्तर, मी कडक काही चावलं नव्हतं,” ती मोठ्याने म्हणाली. “आणि तुम्हीही नव्हतं.”