आधी थांबवायचं, मग ऐकायचं

आमच्या वर्गात इंग्रजी कुणी ऐकतच नव्हतं, हे मला नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कळलं. तोवर मीही सगळ्यांसारखंच शिकवत होते. इंग्रजी वाक्य वाचायचं आणि पाठोपाठ मराठीत अर्थ सांगायचा. मुलं इंग्रजी चालू असताना खिडकीबाहेर बघत आणि मराठी सुरू झालं की मान वळवत. एक दिवस मराठी गाळलं आणि इंग्रजीत म्हणाले, "आज सकाळी एका म्हशीनं आपला फळा खाल्ला. समजलं?"

चाळीस गळे एकदम म्हणाले, "येस बाई!"

मी हसले तशी मुलंही हसली. कशाला, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

ही पाथर्डी तालुक्यातली पत्र्याची शाळा. साल एकाहत्तर-बाहत्तरचं असेल. मी पंचविशीत होते आणि मला सगळं महिनाभरात दुरुस्त करता येईल अशी खात्री होती. ती पुढे बरीच कमी झाली, पण त्या वर्षी तिचा उपयोग झाला.

वर्ग अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचा. त्या चाळिसांत एक मुलगी होती. तिचे आईवडील दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जात. ही आत्याजवळ राहून शिकत होती. तिला नर्स व्हायचं होतं. नगरच्या एका दवाखान्यात नर्सिंगचा वर्ग होता. तिथली मेट्रन परदेशी होती. ती मुलींना समोर बोलावून इंग्रजीत कामं सांगायची आणि करून घ्यायची. आदल्या वर्षी आमच्याच शाळेची एक मुलगी तिथून परत आली होती. ती प्रत्येक कामाला "येस" म्हणाली आणि जागची हलली नाही.

हिच्या वडलांनी साफ सांगितलं होतं, "जूनमधी परवेश मिळाला तर शीक. न्हाई तर दसऱ्याला कोयता घे आन् चल." रागाने नव्हे. त्यांना दोन हात हवे होते, एवढंच.

परीक्षा संपल्यावर मी तिला रोज सकाळी माझ्या खोलीवर बोलावलं. टेपरेकॉर्डर वगैरे काही नव्हतं. स्टो, चार भांडी आणि मी. मी भिंतीकडे तोंड करून इंग्रजीत कामं सांगायची, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरून अंदाज बांधता येणार नाही. तिने ती करायची. मराठी बंद.

पोरगी हुशार. आठवड्यात झाकण, पळी, तांब्या, उजवीकडे, फडताळाखाली, सगळं तिच्या कानात बसलं. अडचण निराळीच निघाली. कळलं नाही तरी ती विचारायची नाही.

"परत सांगा म्हणायला काय होतं गं तुला?"

"बाई, मोठ्या मानसाला परत सांगा कसं म्हनायचं? तुमाला नीट बोलता येत न्हाई, आसं म्हन्ल्यासारखं व्हतंय ते."

तिच्या घरी वडीलधारं बोललं की "व्हय" म्हणायचं आणि पुढचं आपलं आपण बघायचं, अशी रीत होती. चाळीस गळ्यांचं "येस बाई" तिथूनच आलं होतं. मला वाटत होतं मी इंग्रजी शिकवते आहे. खरं तर मला तिला चांगल्या सवयीबाहेर काढायचं होतं.

मग तिला विचारावंच लागावं म्हणून मी मुद्दाम अस्पष्ट बोलायला लागले. गालात लवंग धरून, कधी पदर तोंडावर घेऊन, कधी भरभर. एकदा आमटी उकळत असताना असंच काहीतरी पुटपुटले. तिने अंदाजाने मीठ घातलं. मी पुन्हा पुटपुटले, तिने पुन्हा मीठ घातलं. तिसऱ्यांदाही घातलं, पण विचारलं नाही. दुपारी तिला न्यायला आलेल्या आत्याला मी वाटी दिली. एक घोट घेऊन त्या म्हणाल्या, "बाई, ही इंग्रजी आमटी लई खारट हाय की वो!"

पोरगी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी लवंग तोंडात टाकून बोलायला लागले, तर तिने एस.टी. थांबवावी तसा हात वर केला. "स्टॉप, बाई. अगेन. स्लोली." म्हणाली आणि कानापर्यंत लाल झाली. मी तिला त्या दिवशी आणखी वीसदा थांबवायला लावलं. शेवटी शेवटी तिला त्यात मजा यायला लागली.

निकाल लागला, ती पास झाली. नगरला आम्ही तिघी गेलो. मेट्रनच्या खोलीचं दार उघडंच होतं, मी आणि आत्या समोरच्या बाकावर बसलो. मेट्रन उंच, म्हातारी, आणि बोलणं असं की मलाही अर्धंच कळलं. कपाटातून चादरी घेण्याबद्दल काहीतरी होतं. आधीच्या दोन मुली "येस, येस" करून उभ्याच राहिल्या होत्या.

आमचीने हात वर केला. "प्लीज, अगेन. स्लोली."

मेट्रनने पुन्हा सांगितलं.

"अगेन."

आत्याने माझं मनगट धरलं. "आवो बाई, ही म्हातारीला थांबवती की! व्हय म्हन म्हनावं तिला!"

"गप बसा, आत्या."

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर मुलीने बोटांवर मोजत विचारलं, "टू शीट्स. वन बेड. वन यू?" मेट्रनने मान हलवली. मुलगी कपाटाकडे गेली, दोन चादरी काढल्या, एक खिडकीजवळच्या खाटेवर ठेवली आणि दुसरी मेट्रनच्या हातात दिली. मेट्रन मोठ्याने हसली आणि तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

त्यानंतर आत दहा मिनिटं बोलणं चाललं. त्यात आमचीचा हात चारदा वर गेला, आत्याने मोजलं.

बाहेर येऊन ती धापा टाकतच बोलायला लागली. "बाई, सोमवारी ऱ्हायलाच यायचं. दोन पांढरी पातळं, एक ताट, एक वाटी, पत्र्याची पेटी, पेटीला कुलूप. केस वर बांधायचे. नखं कापायची. समदं इंग्रजीत सांगितलं त्यांनी!"

आत्या तिथेच फरशीवर बसून रडायला लागल्या. मी त्यांना उठवलं. गुरुवार होता, पातळं पांढरी मिळायला हवी होती, आणि कापडबाजारातली दुकानं जेवणाच्या वेळी बंद व्हायच्या आत आम्हाला तिथे पोचायचं होतं.