पाच तारे आणि चंदेरी गाडी

आमच्या गल्लीत बोललं जात होतं, की पी थुआननं उतारवयात दुसरी बाई धरली आहे आणि तिला तो गाडीत भेटतो. सकाळी काचा वर करून आत बसतो आणि लाडीगोडीनं बोलत राहतो, एवढं मी स्वतः पाहिलेलं. बाकीचं शेवया विकता विकता मीच थोडं वाढवलं असेल. एकदा राहवेना, म्हणून काचेला कान लावला. आत तो एकटाच. हात स्टिअरिंगवर, कपाळ हातांवर.

"आजचा दिवस चाल गं बाई. फक्त चिआंग माईपर्यंत. येताना हवं तर बंद पड."

म्हणजे बाईबिई काही नव्हती, ती गाडीच होती. गल्लीचा अगदी हिरमोड झाला.

थुआन माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला 'पी' म्हणते. मान देते असं नाही. इथल्या लाम्पांगच्या चिनीमातीच्या कारखान्यात त्यानं अडतीस वर्षं वाडग्यांवर कोंबडे रंगवले. त्याच्या हातचा कोंबडा लगेच ओळखू येतो, जरा घाबरलेला असतो. "स्वतःचंच तोंड काढतोस की रे, पी," असं मी चिडवायची. असा माणूस एक दिवस शेठलोकांची चंदेरी युरोपी गाडी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा सगळे हसले. सगळ्यात जास्त मी.

मग कारण कळलं. त्याच्या बायकोच्या, सायबुआच्या, मणक्यात गाठ आहे. दर मंगळवारी चिआंग माईच्या इस्पितळात औषध चढवायला न्यावं लागतं. त्याच्या तेव्हाच्या जुन्या पिकअपमध्ये प्रत्येक खड्ड्याला ती ओठ चावायची, घरी परतेपर्यंत ओठ फुटलेला असायचा. विकणाऱ्यानं सांगितलं, या गाडीखाली हवेच्या उशा आहेत, रस्ता कळतसुद्धा नाही. थुआननं आईची लोंगन फळांची बाग विकून टाकली.

पहिला महिना रस्ता खरंच कळला नाही. दुसऱ्या महिन्यात डावीकडची उशी बसली आणि गाडी एका कुशीवर कलली. मग समोरचा टीव्हीसारखा पडदा काळा पडला. मग गार हवेच्या जागी गरम हवा यायला लागली. वाटेवरच्या खुन तानच्या घाटात ती मनाला येईल तिथे थांबायची आणि कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात नेली की शहाण्या मुलीसारखी चालायची. कागदावर लिहून यायचं, 'दोष आढळला नाही.' असं सात वेळा झालं. ज्योतिषी म्हणाला, चंदेरी रंग तुला लाभत नाही, हिरवा लाभेल. गाडी रंगवायला पैसे कुठले? सगळे करतात तेच थुआननं केलं, मागच्या काचेवर पट्टी चिकटवली: 'ही गाडी हिरवी आहे'. नशिबाला वाचता येत असावं, असा आमचा समज आहे. या गाडीला मात्र येत नव्हतं.

खरी चूक वेगळीच होत होती. केंद्रातून निघताना दर वेळी तिथली फिम, माझ्या भाचीएवढी पोर, त्याला 'लुंग', म्हणजे काका, म्हणत हात जोडून फोन पुढे करायची. 'आमची सेवा कशी वाटली?' आणि खाली पाच तारे.

"लुंग, पाचही द्या ना. एक जरी कमी पडला तरी मला सगळ्यांसमोर उभं करतात."

समोरच्याचं तोंड उतरलेलं थुआनला बघवत नाही. आमच्यात ते कुणालाच बघवत नाही, मीही दिलेच असते. तो पाचही दाबायचा. एकदा तर खाली लिहिलं, 'पोरगी गुणी आहे, पाणी गार होतं.' त्याच संध्याकाळी गाडी ओढून आणावी लागली.

मग तो मंगळवार आला. घाटात गाडी बंद पडली आणि दारंही उघडेनात. सायबुआ मागे आडवी, आत नुसती भट्टी. दोन तास. तिनं विचारलं, "थुआन, निदान घरी तरी पोचू ना रे?" हे त्यानंच मला सांगितलं, भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता. त्या दिवसाचं औषध चुकलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी एकदा चुकलं तर आतापर्यंतचं सगळं वाया जाईल.

गाडीची हमी संपायला अकरा दिवस उरले होते. गाडी परत घ्या, पैसे द्या, म्हणून थुआननं ग्राहकांच्या तक्रार कचेरीत अर्ज केला. साक्षीला मी.

"तिथे जास्त बोलू नकोस," तो म्हणाला.

"मी कधी बोलते?"

निकाल आधीच सांगून टाकते, उगाच आशा नको. पुढची तारीख महिन्यानंतरची मिळाली आणि हमी त्याआधीच संपली. गाडी आता अंगणात कुशीवर बसलेली असते, टपावर माझी मांजर. मंगळवारी सायबुआला माझ्या पिकअपमध्ये मागे तीन गाद्यांवर निजवतो. मी चालवते, थुआन तिची मान धरून बसतो. आरशात तिचे ओठ दिसतात. त्या घाटात मला एकही थट्टा सुचत नाही.

पण कचेरीतलं सांगायचं राहिलं. कंपनीच्या साहेबानं टेबलावर सात कागद ओळीनं मांडले.

"सातही वेळा पाच तारे. तुम्हीच दिलेत ना?"

"मीच."

"म्हणजे तुम्ही खूश होतात. आणि आज तक्रार? बरं, गाडीवर लिहिलंय, 'ही गाडी हिरवी आहे'. गाडी तर चंदेरी. तुमचं नेमकं कुठलं लिहिलेलं खरं धरायचं, लुंग?"

खोलीत हशा पिकला. सवयीनं मलाही हसू आलं, ते मी गिळलं. साहेबाच्या मागे फिम फायली छातीशी धरून उभी होती, नजर जमिनीवर. 'तिनं मागितले म्हणून दिले', एवढंच बोलायचं होतं. मी टेबलाखालून थुआनला चिमटा काढला. "सांग ना, पी."

त्यानं फिमकडे पाहिलं. मग ते सातही कागद गोळा करून नीट एकावर एक ठेवले.

"तारे मी पोरीला दिले," तो म्हणाला. "गाडी कशी आहे, हे तुमच्यातल्या कुणी मला विचारलंच नाही."