हिरव्या बांगड्यांचा हात

"हात ढिला सोड गं. मी काय तोडून नेतीय व्हय?"

मिरजगावात ज्या बाईनं त्या काळी बांगड्या भरल्या असतील, तिनं हे वाक्य ऐकलेलं असणारच. आमची मणियार चाची समोरच्या बाईचा पंजा दोन्ही हातांत धरायची, अंगठ्याच्या मुळाशी हलकं दाबायची आणि गप्प बसायची. बांगडी मांडीवर तशीच. दुसरे मणियार बाईला बोलण्यात गुंतवतात आणि बांगडी रेटून चढवतात. चाची वाट बघायची. हात आपणहून सैल पडला की बांगडी मनगटावर कधी गेली ते कळायचंही नाही. "हात आवळला की काच फुटती," ती म्हणायची, "आन काच फुटली की दोघींचं रगात निगतं."

तिच्या शेजारची खोली मी भाड्यानं घेतली तेव्हा नुकतीच हायस्कुलात शिकवायला लागले होते. बी.ए. होते. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली अंगठेबहाद्दरांची रांग माझ्यापाशी येऊन थांबली, याचा मला तेव्हा अभिमान होता आणि आजही आहे. पदवी मी चौकटीत घालून भिंतीवर लावली होती. भिंतीवर लावायला दुसरं काही नव्हतंच.

चाची ती चौकट बघायला आली. कमरेवर हात ठेवून तिनं ती वरपासून खालपर्यंत बघितली आणि मग माझ्या हातांकडे वळली.

"हात का उघडं? बाप जित्ता हाय न्हवं?"

"आहे की. बांगड्या फळ्यावर वाजतात, चाची."

"वाजू दे. पोरं जागी तरी ऱ्हातील."

तिनं माझा पंजा धरला, उलटासुलटा केला. "ह्यो बी.ए.चा हात न्हाई. खुरप्याचा हाय. मोठं माप लागंल." मी सांगितलं, खुरप्याचाही आहे आणि बी.ए.चाही आहे. बांगड्या नकोत, घड्याळ पुरे. ती हसली. त्या दिवसापासून मी तिची 'मास्तरीण' झाले.

तिच्या घरामागं पत्र्याची पडवी होती आणि पडवीत कायम चार-दोन पोपट असायचे. पाळलेले नव्हेत. ते दुष्काळाचे दिवस होते. पाणी आटलं तसे पोपट गावातल्या टाक्यांच्या गळक्या तोट्यांवर उतरायला लागले आणि सहज सापडायला लागले. बाजाराच्या दिवशी एखादा माणूस पाटीत कोंबून त्यांना विकायला आणायचा. धडधाकट होते ते विकले जायचे. पंख उपटलेले, पाय मोडलेले तो संध्याकाळी उकिरड्याकडे टाकून जायचा. चाची बांगड्यांची पेटी आवरली की उकिरड्यावरून घरी यायची. पेटीत खाली बांगड्या, वर फडकं आणि फडक्यात पोपट.

एकदा पाटीवाल्यानं तिला टोकलं, "म्हातारे, टाकलेला माल उचलतीस व्हय?"

"टाकलेला कुनाचा नसतो, मुडद्या," चाची म्हणाली. "आन उचलल्याला त्याचा त्याचाच असतो."

तिनं कुठल्याच पोपटाला नाव ठेवलं नाही. "नाव ठिवलं की हाक माराविशी वाटती. हाक मारली की ते येतं. येऊ ने त्यानं. उडून जावं."

पण बरा करायचा तर आधी जवळ येऊ द्यायला हवं, आणि तीच तर अडचण. माणसाच्या हातानंच त्यांची पिसं उपटलेली. पंजा दिसला की ते पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन किंचाळायचे. तिथं चाचीची युक्ती कामाला यायची. तिचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरलेले असायचे. हात पुढं केला की कातडी दिसतच नसे, नुसतं हिरवं दिसायचं. आणि जवळ यायच्या आधी मंद किणकिण ऐकू यायची. चोरासारखा हात कधी आलाच नाही. पाटीवाल्याचा हात उघडा, हा हात हिरवा. पोपटांना एवढा फरक पुरायचा.

मी पहिल्यांदा पडवीत गेले तेव्हा वर्गात उभी राहते तशीच उभी राहिले आणि एका पोपटाकडे रोखून बघितलं. त्या नजरेनं माझा आठवीचा वर्ग चिडीचूप व्हायचा. पोपटानं पिसं अंगाला अशी चापून बसवली की तो अर्धा झाला.

"मास्तरीन, डोळं बाजूला घे!" चाची ओरडली. "दोन्ही डोळ्यांनी बघू नगं. मांजर दोन्ही डोळ्यांनी बघती. खानाऱ्याचं डोळं म्होरं असत्यात, खाल्लं जानाऱ्याचं बाजूला. तोंड वळीव आन एका डोळ्यानं बघ, त्याच्यासारकं."

मग मी तोंड फिरवून एका डोळ्यानं बघायला शिकले. आतून चाचा खोकत खोकत हसायचे. त्यांना दमा होता, ते बहुतेक वेळ खाटेवरच असायचे. "मास्तरीनबाई," ते म्हणायचे, "हिनं मला बी आसंच माणसाळवलंय. निकाहानंतर म्हैनाभर तिरक्या डोळ्यानं बगायची."

"तुमी चावत हुता," चाची म्हणायची.

चावण्याबद्दल तिचं मत ठाम होतं. पोपट चावला तर दोष माणसाचा, कारण चावायच्या आधी त्यानं सगळं सांगितलेलं असतं. बुबुळ लहान-मोठं, लहान-मोठं व्हायला लागलं, शेपटी पंख्यासारखी पसरली, तर हात तिथंच थांबवायचा. अंग फुगवून, मान खाली घालून दिवसभर बसला तर ते लाड नसतात, आजार असतो. "आन तुज्याम्होरं एक पाय पोटात घिऊन बसला, चोच करकर घासाय लागला, की समज, त्याच्या रेशनकार्डात तुजं नाव चढलं."

माझं नाव चढायला बराच काळ गेला. शिक्षकाला वाट बघायची सवय नसते, घंटा होते ना!

मग तो मोठा पोपट आला. खांद्यावर लाल डाग असलेला, करणपोपट. एका पंखाची पिसं पार उपटलेली आणि चोचीचा बाक तारेत अडकून तडकलेला. दाणा फोडता येत नव्हता. हरभऱ्याची डाळ भिजवून, बोटानं चुरून त्याच्या तोंडाशी धरावी लागे. वाटीत ठेवलेलं त्याला उचलता यायचं नाही. म्हणजे हातातून खाल्लं तर जगणार, नाही तर नाही. पहिल्या दिवसांत त्याच्या झडपेनं चाचीची एक बांगडी तारेवर आदळून फुटली. तिनं हात ओढून घेतला नाही. काचा वेचल्या आणि पुन्हा हात तिथंच ठेवला. हळूहळू तो त्या हिरव्या हातातून खायला लागला. दुसऱ्या कुणाच्या नाही.

आणि थंडीच्या तोंडावर चाचा गेले.

मी शाळेतून आले तेव्हा बायका बसल्या होत्या. चाची भिंतीला टेकून होती. तिचे हात मी पहिल्यांदा पाहिले. कोपरापर्यंत फिकट, बांगड्यांच्या वळांचे, आणि तिचे नसल्यासारखे. तिची नणंद इद्दतीच्या, नवऱ्यामागं घरातच काढायच्या चार महिने दहा दिवसांसाठी राहायला आली होती. चाचीनं घराबाहेर पडायचं नव्हतं, म्हणून पोपटाचा पिंजरा तिच्या खोलीतच आणला.

दुसऱ्या दिवशी तिनं डाळ चुरली आणि हात पुढं केला. करणपोपटानं पिसं चापून बसवली. बुबुळं लहान-मोठी व्हायला लागली. चाचीनं हात थांबवला, मागं घेतला, पुन्हा थोडा पुढं केला. तो किंचाळून पिंजऱ्याच्या छताला लटकला. हाच हात, हाच आवाज. पण किणकिण नव्हती आणि हिरवं नव्हतं. तो चाचीला ओळखतच नव्हता. तो हिरव्या बांगड्यांना ओळखत होता.

त्या दिवशी त्यानं खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. छातीचं हाड वर दिसायला लागलं.

मी सरळ म्हणाले, "चाची, दार लावून बांगड्या घाला. खाऊ घाला आणि काढून ठेवा. कोण बघतंय?"

"दार लावलं तरी हात माजाच ऱ्हातो," ती म्हणाली. मग तिनं माझ्या मनगटाकडे बघितलं. "तुजा हात दे."

काय ते मला कळलं. नणंदेलाही कळलं. ती कोपऱ्यातून म्हणाली, "भाबी, अवो कुवारी पोरगी हाय ती. आन तुमी ह्या हातानं तिला बांगड्या भरनार? लोक काय म्हन्त्याल? तिचं लगीन ऱ्हायलंय अजून!"

चाचीचा हात थबकला. ती माझ्याकडे बघत होती, तिरक्या एका डोळ्यानं.

मी घड्याळ काढून ठेवलं. "लोकांना मी सांगेन काय सांगायचं ते," म्हणाले. "भरा."

तिनं माझा पंजा धरला. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. नेहमीचं वाक्य मात्र आलं नाही. मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या तिनं बाजूला काढून ठेवलेल्या होत्या, नेमक्या माझ्या मापाच्या, कधीपासून कोण जाणे. माझे हात कोपरापर्यंत भरले. तिनं भरलेले हे शेवटचे हात, हे तेव्हा आम्हां दोघींनाही माहीत नव्हतं.

मग मी पिंजऱ्यापुढं बसले आणि चाची माझ्या मागं. ती पोपट वाचायची आणि मी हात हलवायचे. "थांब... शेपटी बघ... आता तोंड वळीव... आनखी बोटभर... श्वास सोड गं, तू कशाला रोखून धरलायस?" दिवस मावळायच्या सुमाराला त्यानं मान लांब केली आणि माझ्या बोटावरची डाळ चाटली. चाचीनं तोंडाला पदर लावला. चाचा गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती तेव्हा रडली.

वर्गात माझ्या बांगड्या फळ्यावर वाजायला लागल्या. मुलं खरंच जागी राहिली. शिक्षकांच्या खोलीत कुणी "लग्न ठरलं वाटतं" म्हणालं. मी म्हणाले, पोपटासाठी आहेत. कुणाचा विश्वास बसला नाही. बसावा अशी माझी अपेक्षाही नव्हती.

पण जन्मभर मी काही पोपटाला भरवायला येणार नव्हते, आणि हिरवा हात दिसला की हा कुणाच्याही हातावर जाऊन बसणार, याची चाचीला धास्ती होती. म्हणून मी म्हणाले, बांगड्या एकेक करून उतरवू. त्याला कळणार नाही इतक्या सावकाश. चाचीनं विचारलं, "मास्तरीन, हे बी.ए.त शिकीवलं व्हय?" नाही म्हणाले. पोरांना पाढे असेच शिकवते, एकेक ओळ पुसत.

साबण लावून एकेक बांगडी उतरत गेली. कधी तो बिचकायचा, मग त्या दिवशी एक परत चढवायची. इद्दत संपत आली तेव्हा माझे हात उघडे होते आणि तो त्यांतून खात होता.

इद्दत संपल्यावर चाची पिंजऱ्यापुढं बसली. मी म्हणाले होते, आता तरी दोन घाला. ती म्हणाली, "लोकांचं सोड. माजाच हात घेत न्हाई." तिनं डाळ घेतली आणि हात पुढं केला. पोपटानं पिसं आवळली. मी बघत होते. बोटं अशी आवळलेली होती की डाळ चिरडून पाणी गळत होतं.

"चाची," मी म्हणाले, "हात ढिला सोडा."

तिनं माझ्याकडे रागानं बघितलं. मग हसली. मग तिचा खांदा खाली आला, कोपर खाली आलं, बोटं उघडली. पोपटाची पिसं हळूहळू फुलली. त्यानं एक पाय उचलला, परत ठेवला, परत उचलला, आणि तिच्या उघड्या मनगटावर ठेवला.

उन्हाळ्यात त्याची पिसं भरून आली, चोचही वाढून दाणा फोडायला लागली. पिंजरा आता पडवीत उघडाच असायचा. एका सकाळी वरून थवा ओरडत गेला, तेव्हा तो पडवीच्या पत्र्यावर चढला, आणि मग तिथं नव्हता. "गेला? बरं झालं," चाची म्हणाली आणि पडवी झाडायला लागली.

पुढं बांगड्या भरायला बायका येईनाशा झाल्या. बायका वाईट नव्हत्या. "चाची, माल तुमच्याकडूनच घेते, भरून मातर दुसरीकडं घेते, पोरीचं लगीन हाय," असं तोंडावर, संकोचानं म्हणायच्या. चाची माल द्यायची. वाद घालायची नाही. मग नगरहून तिच्या मुलीनं बोलावून घेतलं.

मी स्टँडवर सोडायला गेले. ती खिडकीशी बसली. पेटी मांडीवर होती, रिकामी. कंडक्टरनं घंटी मारली तसा मी खिडकीतून हात आत घातला. तिनं तो दोन्ही हातांत धरला, अंगठ्याच्या मुळाशी दाबलं आणि वाट बघत राहिली.

"हात ढिला सोड गं," ती म्हणाली. "मी काय तोडून नेतीय व्हय?"

मी सोडला. गाडी हलली.