चारशे चुंबनांचा परवाना

परवाना कचेरीतल्या टायपिस्टबाईंना सगळे 'अचूकताई' म्हणायचे. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक वेलांटी चुकली नव्हती, आणि हे त्या स्वतःच दिवसातून दोनदा ऐकवत. दुसऱ्याच्या पत्रातल्या चुका तर लाल पेनने अशा खोडत, की बिचाऱ्याने पुन्हा पत्राचं नाव काढू नये.

त्यातच दोन बड्या देशांचं बिनसलं. पवनचक्कीत लागणारी चुंबके एक देश बनवतो. ती दुसऱ्याच्या हाती पडू नयेत म्हणून निर्यातीवर नाना अटी घालतो. दुसरा म्हणतो, त्याच्याकडून घ्याल तर आमचं दार बंद. मधल्या मध्ये इथल्या सरकारचे हातपाय गळाले. धोरण ठरेपर्यंत चुंबकांची एकही पेटी बंदरातून हलवायची नाही, असा हुकूम निघाला. धोरण काही ठरेना.

अडकलेल्या पेट्यांत एक ताईंच्या धाकट्या भावाची होती. त्याचा छोट्या पवनचक्क्यांचा कारखाना. "सोमवारपर्यंत पेटी आली नाही तर टाळं लावतो, ताई," एवढंच तो म्हणाला. वशिला लाव म्हणाला नाही; ताईंचा स्वभाव त्याला ठाऊक होता. कारखान्यातली अकरा माणसं घरी बसणार, हा विचार ताईंच्या डोक्यातून जाईना.

शुक्रवारी त्याचाच अर्ज टाइप करताना लक्ष उडालं आणि पडद्यावर उमटलं, 'पवनचक्कीसाठी चुंबने, नग चारशे.'

ताईंचं बोट खोडायच्या बटणावर गेलं. तिथेच थांबलं. मग डोळे घट्ट मिटून त्यांनी अर्ज पुढे धाडला. संगणकाने निषिद्ध वस्तूंची यादी चाळली. चुंबनांना कोणत्याच देशाची हरकत नव्हती. परवाना सुटला.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. "ताई, हे काय?"

"चूक झाली, साहेब." एकतीस वर्षांत हे शब्द तोंडून पहिल्यांदाच निघाले, आणि ताईंना फार लागले.

"तुमच्याकडून?"

"बोटं म्हातारी झाली."

साहेब मिशीतल्या मिशीत हसले. "शुद्धिपत्रक काढा."

"काढते की. पण आधीची सव्वीस रांगेत आहेत."

संध्याकाळपर्यंत अख्खी कचेरी त्यांना 'चुंबनताई' म्हणू लागली. घरी येऊन ताई मुसमुसत बसल्या. तेवढ्यात भावाचा फोन आला. मागे यंत्रांची घरघर चालू होती.

"ताई, पेटी आली गं! पण परवान्यावर काय छापलंय, वाचलंस का?"

"वाचलंय," नाक पुसत ताई म्हणाल्या. "चारशे आहेत. नीट मोजून घे."