पोकळ टाइल

माझ्या बायकोच्या मामांइतका संशयी माणूस अख्ख्या सुरतेत झाला नसेल. दूधवाला, डॉक्टर, पंचांग, सगळ्यांकडे ते सारख्याच तिरक्या नजरेने पाहत. पण खरा दावा टाइल्सशी. मला जावई म्हणून पाहायला आले तेव्हा नोकरी विचारण्याआधी ते न्हाणीघरात शिरले, तळवा टेकवत रुपयाच्या नाण्याने भिंतभर टकटक केली आणि बाहेर येऊन सासऱ्यांना म्हणाले की मुलगा बरा आहे, पण तीन टाइल्स पोकळ आहेत. लग्न झालं, तरी त्या तीन टाइल्स त्यांनी मला कधी माफ केल्या नाहीत.

नव्वदच्या दशकात मामांच्या वस्तीत, सुरतेतल्या डिंडोलीत, घरोघरी ओट्यामागे टाइल्स चढू लागल्या, तशी मामींनीही मागणी केली. भिंतीवरचे फोडणीचे शिंतोडे खरवडून त्यांची नखं झिजली होती. मामांनी दोन वर्षं नुसती चौकशी चालवली. ऑइलपेंटला पोपडे धरतात, संगमरवर हळद पितो, आणि गुळगुळीत पांढरी टाइल? ती तर मागची ओल लपवायलाच जन्माला आलेली. "टाइलमांगे काय शे, कोनी देखं?" असं ते आपल्या अहिराणीत ज्याला त्याला विचारत.

शेवटी मामींनी जाहीर केलं, भिंत होईपर्यंत घरात फोडणी बंद. आठवडाभर नुसतं वरण गिळल्यावर मामांनी कारागीर बोलावला. अट एकच, पोकळ वाजेल ती टाइल उखडायची. यंत्रमागाच्या खडखडाटात मामांचे कान कधीच गेले होते. मागातला बिघाडही ते हात लावूनच ओळखत. त्यामुळे ते डावा तळवा टाइलवर ठेवत, उजव्या हाताने नाणं वाजवत आणि मामींच्या तोंडाकडे बघत. मामी दर वेळी शांतपणे म्हणत, "भरेल शे," म्हणजे भरीव आहे. संध्याकाळी भिंत पुरी झाली. तिच्यातल्या पाच टाइल्स पोकळ होत्या, हे मामींनी मला नंतर हळूच सांगितलं. खरं बोलल्या असत्या, तर कारागीर पळाला असता.

मामी गेल्या, त्या दिवाळीला मी मामांकडे गेलो. त्यांनी मला ओट्यापाशी नेलं, शेगडीमागच्या टाइलवर तळवा टेकवला आणि नाणं वाजवून माझ्याकडे पाहिलं. आवाज साफ पोकळ होता. खरं सांगावं, तर हा माणूस मामींची भिंत फोडायला बसणार.

"भरेल शे, मामा," मी म्हणालो.

तळवा बराच वेळ तिथेच राहिला.

"तुनी मामी बी आसंच सांगे," ते म्हणाले.

मामांनी नाणं खिशात टाकलं, ओट्यावरचं फडकं घेतलं आणि ती टाइल हलक्या हाताने पुसली.